गुरुवारच्या माश्या

"एकसष्ट," मी म्हणाले आणि माश्या मोजायचा कुंचला टेबलावर टाकला.

"शंभरात?" उपासनी बाईंनी वर न बघता विचारलं. त्या एम.एस्सी.चे पेपर तपासत होत्या.

"शंभरात."

"बाटली कधी लावलेली?"

"गुरुवारी."

"मग वगळ. आणि गुरुवारी बाटल्या लावूच नकोस, शोभना. कितीदा सांगायचं?"

मी वहीत त्या तुकडीवर लाल शाईने आडवी रेघ मारली. पानावर तशा आणखी तीन रेघा होत्या.

ही गोष्ट १९८६ च्या जानेवारीतली. आमचं विद्यापीठ गावाबाहेरच्या माळावर होतं आणि प्राणिशास्त्राची इमारत दगडी. थंडीत दुपारीसुद्धा आत स्वेटर लागायचा. मी उपासनी बाईंच्या हाताखाली पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होते, आणि माझं सगळं आयुष्य तेव्हा दूध योजनेच्या काचेच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरलेलं होतं. बाटलीच्या तळाला मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून ओतलेला थर, तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं. आम्ही त्यांना मानाने फळमाश्या म्हणायचो.

माझ्या माश्यांत एक खोट होती. त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवायचे. पायासारखं काहीतरी असं नव्हे, चांगले पाय. सांधे, केस, टोकाला नख्या, सगळं जिथल्या तिथे. फक्त ते डोक्यावर.

हे पहिल्यांदा खोतमामांना दाखवलं तो दिवस मला आठवतो. दौलत खोत हे आमचे प्रयोगशाळा परिचर. बाटल्या धुणं, माश्यांचं जेवण शिजवणं, बाटल्या ठेवायच्या उबदार कपाटाची, म्हणजे इन्क्यूबेटरची, काच पुसणं ही त्यांची कामं. पन्नाशी उलटलेला, सावळा, कमी बोलणारा माणूस. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते बराच वेळ वाकून राहिले.

"आरं तिच्या! ह्यो पाय हितं कुणी लावला?"

"कुणी लावला नाही, मामा. आपोआप झाला. अळीच्या अंगात अगदी बारीक पुंजके असतात. एकातून मिशी व्हायची, दुसऱ्यातून पाय. पण प्रत्येक पुंजक्याला दोन्ही बनवता येतं. कुठे काय बनवायचं हा हुकूम एक जनुक देतं. तो हुकूम पोचला नाही की मिशीच्या जागी पाय तयार होतो."

"म्हंजे गडी त्येच, सामान त्येच. वरचा कागद चुकला."

"अगदी बरोबर."

"मी बांधकाम खात्यात हुतो दोन वर्सं," खोतमामा सरळ होत म्हणाले. "एका वड्यावर साकव मंजूर व्हायचा आन् बांधून व्हायचा भलतीकडंच."

"मग?"

"मग काय? साकव चांगला असायचा, ताई. फकस्त खाली वढा नसायचा."

हे उदाहरण मी पुढे एकतीस वर्षं वर्गात सांगितलं. मुलं हसायची, आणि बाई, तुम्ही किती सोपं करून सांगितलंत म्हणायची. ते कुणाचं, हे मी कधी सांगितलं नाही.

तर माझ्या माश्यांची ही खोट उष्णतेवर अवलंबून होती. एकोणतीस अंशांवर वाढवल्या की बहुतेकींच्या डोक्यावर पाय. पंचवीस अंशांवर वाढवल्या की शंभरात चार-पाच, बाकीच्या शहाण्या. प्रबंधाचा सगळा डोलारा या फरकावर उभा होता. आणि पंचवीस अंशांच्या इन्क्यूबेटरमधून बाहेर पडणाऱ्या बाटल्या नीट वागायच्याही, गुरुवारच्या सोडून. गुरुवारी अंडी घातलेल्या बाटलीतून पन्नास, साठ, एकदा तर सत्तर माश्या डोक्यावर पाय घेऊन यायच्या. तेही थंडीतच. उन्हाळ्यात गुरुवार सुतासारखे सरळ असायचे.

वनस्पतिशास्त्रवाल्यांनी नव्या सूक्ष्मदर्शकापुढे नारळ फोडला तेव्हा बाई आणि मी आठवडाभर हसलो होतो. गुरुवारच्या बाबतीत मात्र आम्ही काय केलं? गुरुवार वगळला. "यंत्र जुनं आहे," बाई म्हणायच्या. "जुन्या यंत्राला वार कळतो का?" हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाईंचा माझ्यावर जीव होता आणि माझा त्यांच्यावर. त्यांनी बावीस वर्षं ही चिलटं सांभाळली होती, सुट्टीच्या दिवशीही येऊन. त्यांनी कचरा म्हटलं तो माझ्यासाठी कचरा होता.

शिवाय मला घाई होती. एका तालुक्याच्या कॉलेजात अधिव्याख्यात्याची जागा निघाली होती. मुलाखत दहा मार्चला, आणि तोवर प्रबंध सादर केल्याची पावती हवी. अशी जागा आमच्या भागात चार-पाच वर्षांत एकदा निघायची. वडिलांनी गावात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

फेब्रुवारीतला पहिला मंगळवार. मंगळवारी अकरा ते पाच मी पलीकडच्या इमारतीत बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं घ्यायची. त्या दिवशी मुलांनी कसल्याशा मागणीसाठी बंद पुकारला आणि मी साडेबाराला परत आले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. एक आलेख तपासायचा होता, त्यासाठी बाटलीवरची तारीख बघावी म्हणून मी इन्क्यूबेटर उघडला.

तोंडावर ऊब आली. नेहमीपेक्षा जास्त. काटा बत्तिसावर होता. आणि खालच्या फळीवर, माझ्या बाटल्यांच्या शेजारी, झाकण घातलेलं एक मोठं स्टीलचं पातेलं.

मी हात पुढे केला.

"हालवू नका, ताई!" खोतमामा दारातून जवळजवळ ओरडले. "इरजण फुटतंय."

"काय फुटतंय?"

"दही लावलंय. उद्या बुधवार न्हवं का?"

बुधवारी विभागातले सगळे डबे एकत्र उघडायचे आणि दही खोतमामांकडे असायचं. बाईंना ते घट्ट लागायचं, सुरीने कापावं असं. त्यांच्या पोटाला दुसरं काही सोसायचं नाही. मीही दोन वाट्या खायचे.

"मामा, हे तुम्ही कधीपासून करता?"

"दही? लई वर्सं झाली. पर हितं ठेवतोय तीन हिवाळं. ह्या दगडात थंडीचं लागतच न्हाई वो. एकदा पाणी-पाणी झालतं, तर बाईंनी वाटी तशीच सारली. मग म्हटलं, ऊब तर हाय हितं फुकटची. अकराला ठेवायचं, काटा जरा वर करायचा, पाचला काडून काटा परत पंचविसावर. तुमच्या बाटल्यांस्नी धक्का लागू देत न्हाई कवा."

"दर मंगळवारी?"

"थंडीत दर मंगळवारी. उन्हाळ्यात कशाला? उन्हाळ्यात वसरीवर लागतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय चुकलं का?"

मी वह्या काढल्या. तीन हिवाळ्यांच्या एकेचाळीस लाल रेघा. गुरुवारी घातलेलं अंडं मंगळवारी पाच दिवसांचं होतं. अळी खाणं थांबवून कोशात जायच्या बेताला आलेली असते तो दिवस. त्या दिवशी सहा तास ऊब मिळाली की डोक्यावर पाय. त्याच फळीवर सोमवारच्या, शुक्रवारच्या, शनिवारच्या बाटल्याही होत्या. त्यांनाही तीच ऊब मिळाली होती, फक्त दुसऱ्या वयात, आणि त्यांना काही झालं नव्हतं. म्हणजे मिशी की पाय हा निकाल सगळ्या आयुष्यात एकदाच, त्या काही तासांत लागत होता. तो हुकूम कधी वाचला जातो याची वेळच हाती लागली होती. तीन हिवाळे एक प्रयोग बिनचूक चालला होता. फक्त तो आम्ही करत नव्हतो.

प्रबंध टंकलेखकाकडे होता. पाच प्रकरणं छापून झाली होती. त्यात एक ओळ होती: काही तुकड्या तांत्रिक दोषामुळे वगळल्या आहेत.

हे बाईंना सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनी प्रबंध थांबवला असता. सगळं पुन्हा, घड्याळ लावून, पुढच्या थंडीत. दहा मार्च निघून गेला असता.

पातेल्याजवळ उभ्या असलेल्या खोतमामांचा चेहरा पडला होता. आणि मला एकदम एक चांगलं कारण सापडलं.

"मामा," मी हळू आवाजात म्हणाले, "हे कुणाला सांगू नका. बाईंनाही नाही. सरकारी यंत्र, संशोधनाचं काम. चौकशी लागेल. तुमची दोन वर्षं राहिलीत, पेन्शन अडकेल."

"आन् तुमचं काम? त्ये नासलं का माज्यामुळं?"

"माझं मी बघते. तुम्ही गप्प राहा."

त्यांनी हात जोडले. मी ते जोडू दिले.

शुक्रवारी बांधलेल्या प्रती घेऊन मी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी टोपण काढलं, पहिल्या प्रतीवर सही करायला पेन टेकवलं आणि थांबल्या.

"तांत्रिक दोष म्हणजे कुठला, हे परीक्षक विचारतील. तू काय सांगणार?"

"थर्मोस्टॅट," मी म्हणाले. "यंत्र जुनं आहे."

"हं. मग ते नुसतं बोलून नाही चालायचं. आजच लिहून देऊ, इन्क्यूबेटर निकामी. भंडारात जमा करायला सांगते. पत्राची प्रत तुला जोडता येईल." त्यांनी घंटी वाजवली. खोतमामा आत आले. "दौलत, ते यंत्र सोमवारी खाली न्यायचं. भंगारात काढतोय."

"कोन्चं?"

"तेच, पंचविसाचं. त्याचा काटा थाऱ्यावर नाही."

खोतमामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं बाहेरच्या निलगिरीकडे. ते यंत्र खोतमामा अठरा वर्षं पुसत होते. त्याच्या दाराचं रबर गेलं तेव्हा सायकलची ट्यूब कापून त्यांनी नवं लावलं होतं.

"मशीन चांगलं हाय, बाई," ते म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काटा थाऱ्यावर हाय. मी हालवतोय त्यो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दही, मंगळवार, अकरा ते पाच, तीन हिवाळे. हात मागे बांधून, शाळेतला मुलगा पाठ म्हणतो तसं. शेवटी म्हणाले, "काय कारवाई करायची ती माज्यावर करा. मशीनला बोल नको."

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काटा कितीवर न्यायचास?"

"बत्तीस."

"दर वेळी बत्तीसच?"

"एकतीसला लागत न्हाई नीट. तेहेतीसला आंबूस व्हतंय."

"आणि अकरा म्हणजे अकरा? साडेअकरा नाही?"

"अकराचा भोंगा झाला की."

बाई उठल्या. माझ्या वह्या त्यांनी स्वतः कपाटातून काढल्या, उभ्या उभ्या पानं उलटली, बोटांवर दिवस मोजले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मला तीन तास लागले होते. त्यांना तीन मिनिटं लागली.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. देव मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "आणि मीच म्हणत होते, वगळ. मीच ते दही खात होते आणि मीच म्हणत होते, वगळ."

मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नजर एकदम सावध झाली होती.

"शोभना, तुला हे माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते, ते मला आजही ठाऊक नाही.

"त्यास्नी काय ठाव न्हाई," खोतमामा मध्येच म्हणाले. "त्या मंगळवारी हितं नसत्यात. आत्ता आयकत्यात त्या बी, तुमच्यासंगं."

बाईंनी मान डोलावली. मी उघडलेलं तोंड मिटलं.

खोतमामा गेल्यावर बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज तरुण झाला होता. "थांब एक हिवाळा. मुद्दाम करू. तासातासाने बाटल्या लावू. मिशीचा पाय कुठल्या तासाला होतो, ते दाखवू. असं काम आपल्याकडे कुणी केलेलं नाही, शोभना."

"दहा मार्चला मुलाखत आहे, बाई."

त्या खिडकीपासून टेबलाशी परत आल्या.

"यात खोटं काही नाही," मी बांधीव प्रतीवर हात ठेवून म्हणाले. "गुरुवार सोडून सगळं बरोबर आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "गुरुवार सोडून." आणि त्यांनी पाचही प्रतींवर सह्या केल्या.

मला नोकरी मिळाली. पदवीही मिळाली. परीक्षकांनी तांत्रिक दोषाबद्दल काही विचारलं नाही. पुढे मी विभागप्रमुख झाले, प्राचार्य झाले, आणि गेल्या काही वर्षांत तर 'संशोधनातील सचोटी' या विषयावर मला दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं. दोन्ही भाषणं चांगली झाली.

पुढच्या थंडीत बाईंनी तो प्रयोग केला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, चार महिने, रविवारसुद्धा न सोडता. सोबत खोतमामा. दर दोन तासांनी बाटल्या लावायच्या, काटा फिरवायचा, पुन्हा आणायचा. काटा बाई खोतमामांशिवाय कुणाला फिरवू देत नसत म्हणे. तो त्यांचाच मान. निबंध अठ्ठ्याऐंशी साली छापून आला. लेखक दोन: व्ही. उपासनी, डी. खोत. परिचराचं नाव लेखकांत, यावरून विद्यापीठात बरीच कुजबुज झाली. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्याच परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की या परिणामाची नोंद आधीच्या एका प्रबंधाच्या कामात झाली होती, पण मार्गदर्शिकेच्या, म्हणजे स्वतःच्या, चुकीच्या सूचनेवरून ती वगळण्यात आली. तो प्रबंध माझा. विद्यार्थिनीचा दोष नाही, असंही एक अर्धवाक्य होतं.

त्याच वर्षी खोतमामा निवृत्त झाले. त्यांनी मला पोस्टकार्ड टाकलं, घरी या म्हणून. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. एका रविवारी सकाळी मी एकटीच गेले. गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे तुळस, बाजूला शेवग्याचं झाड. बाहेरच्या खोलीत निबंधाचं पहिलं पान काचेत लावलेलं होतं.

"माज्या नावाखाली नातीनं पेन्सिलीनं रेघ मारलीया," ते म्हणाले. "मला इंग्रजी वाचता येत न्हाई, पर कुठं हाय ते कळतं." मग गंभीर झाले. "तिसरं नाव तुमचं पायजे हुतं, ताई. मी बाईंस्नी बोललोबी."

"नको होतं, मामा."

चहा आला. मी बशीत ओतला, निववला, प्यायले. मग मला राहवेना.

"मामा, त्या दिवशी तुम्ही बाईंना खोटं का सांगितलंत? मला माहीत नव्हतं म्हणून?"

ते माझ्याकडे बघतच राहिले, जणू मी अगदीच सोपं काहीतरी विचारलं होतं.

"ह्ये काय इचारणं झालं? माजी नोकरी जाऊ ने म्हणून तुम्ही सोताच्या कामावर पाणी सोडलं. येवडा शोध हातात आलेला, तो गिळून गप बसलासा. आन् मी तुमाला बाईंच्या तोंडी देऊ व्हय? कोण करतं वो असं कुनासाटी?"

माझ्या हातात रिकामी बशी होती. सांगायला तेवढा एक क्षण होता. मी बशी खाली ठेवली.

"आवं, बाहीर या!" खोतमामांनी आत हाक दिली. "मी सांगितलं न्हवं, त्याच ह्या ताई."

त्यांची बायको पदर सावरत बाहेर आली. हातात ताट होतं. हळदकुंकू, खण, तांदूळ आणि सोललेला नारळ. आधीपासून तयार करून ठेवलेलं. माझ्याशी एक शब्द न बोलता तिने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. मग ती, माझ्या आईच्या वयाची बाई, दोन्ही हात जमिनीला टेकवून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.